एक लिटर की ९१० ग्रॅम?

काय मंडळी, यंदा भिजलात की नाही? आमच्या कुर्ल्यात पाऊस लागला की जो तो दोनच गोष्टी विचारतो. मिठीचं पाणी किती चढलं, आणि गाड्या चालू आहेत का? त्या रविवारी दोन्ही उत्तरं बरी होती, म्हणून मी निवांत कांदाभजी तळायला घेतली होती. इतक्यात दार वाजलं. दारात एकच छत्री आणि तिच्याखाली अर्धे-अर्धे भिजलेले दोघं बहीण-भाऊ.

दोघंही माझ्या हाताखालून गेलेली. ताई आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ईएक्सटीसीला. भाऊ बारावी सायन्सला. चौथीत असताना हा पोरगा पाढे म्हणताना डोळे गच्च मिटून घ्यायचा. त्या दिवशीही त्याचा चेहरा तसाच होता.

"बाई, आता तुम्हीच सांगा, कोण बरोबर!" चपला काढता काढताच ताईने तोंड उघडलं.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून क्लासच्या चाचणीचा पेपर बाहेर निघाला. त्यातलं दोन मार्कांचं एक गणित लाल पेनाने छाटलेलं. गणित असं होतं: हवेत एका बंद पृष्ठभागाच्या आत ८.८५ मायक्रोकूलंब प्रभार आहे. तर त्या पृष्ठभागातून बाहेर पडणारा इलेक्ट्रिक फ्लक्स किती? (प्रभार म्हणजे तुमचा-आमचा चार्ज.) भावाने उत्तर लिहिलं होतं, ८.८५ मायक्रोकूलंब. बाजूला सरांनी बरोबर उत्तर लिहिलेलं, १०,००,०००. कुठे ८.८५ मायक्रो, म्हणजे ०.००००८८५ पेक्षाही दहापट लहान असलेला ०.००००0८८५, आणि कुठे दहा लाख!

एवढ्यावर भागलं असतं तर चूक सुधारून पोरगा गप्प बसला असता. पण ताईने घरी पेपर पाहिला आणि म्हणाली, "अरे, तुझंच बरोबर आहे! आमच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलंय, फ्लक्स बरोबर प्रभार. एकक कूलंब." मग बारावीचं पुस्तक उघडलं. त्यात सरांचं उत्तर. मग भावाने कुठून हे लिहिलं, तर रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या गाईडमधून. त्यात पुन्हा ताईचं उत्तर. म्हणजे दोन पुस्तकं, एक गाईड, एक सर, एक ताई, आणि मध्ये हा बिचारा.

"बाई, कळलं असं वाटतं ना, तेव्हाच चुकतं," तो हळूच म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होणार फिजिक्स. बारावी झाली की मी बी.कॉम.ला जातो."

बी.कॉम.ला जाणं वाईट मुळीच नाही. पण आवडतं म्हणून जाणं निराळं आणि फिजिक्सला घाबरून जाणं निराळं. हे मी सांगू शकते, कारण मी स्वतः बारावी सायन्स करून डीएडला गेले. मला मुलांत रमायला आवडायचं हे खरं, पण फिजिक्सची भीती वाटायची हेही तितकंच खरं. आमच्या वेळच्या बोर्डाच्या पुस्तकात याच प्रकरणात एक भलंमोठं नाव होतं: टोटल नॉर्मल इलेक्ट्रिक इंडक्शन. आम्ही त्याला टी.एन.ई.आय. म्हणायचो. त्याची सिद्धता मी कवितेसारखी पाठ केली होती. 'नॉर्मल' म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं, तर 'जे अ‍ॅबनॉर्मल नाही ते' असं मी सांगितलं असतं! नॉर्मल म्हणजे इथे लंब, पृष्ठभागाला काटकोनात असलेला, हे मला त्या वर्षभरात कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

म्हणून मी दोघांना भजी दिली आणि सरळ सांगितलं, "मला आत्ता सांगता येत नाही. पुढच्या रविवारी या. ताईचं पुस्तक आणि तुझं पुस्तक, दोन्ही इथे ठेवून जा."

मग आठवडाभर शाळा सुटल्यावर माझा अभ्यास सुरू झाला. आधी या फ्लक्स शब्दाचीच गंमत बघा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाहणं. रेडिओ-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन 'फ्लक्स द्या' म्हटलंत तर दुकानदार डाग देताना लावायची पेस्टची डबी पुढे करेल. तिच्यामुळे वितळलेलं शिसं-कथिल नीट पसरतं, वाहतं. आणि जुन्या इंग्रजीत हाच शब्द हगवणीलाही वापरत! मराठीत शास्त्राच्या पुस्तकांत 'अभिवाह' असा शब्द दिसतो. पण बारावीची मुलं फ्लक्सच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

आता एक चाळण घ्या आणि पावसात धरा. पाऊस सरळ पडतोय आणि चाळण आडवी आहे, तेव्हा तिच्यातून सर्वांत जास्त थेंब जातील. चाळण तिरपी केली की थेंब कमी. अगदी उभी धरली की आरपार काहीच जाणार नाही. म्हणजे किती पाणी गेलं हे तीन गोष्टींवर ठरतं: पावसाचा जोर, चाळणीचा आकार आणि ती किती कललेली आहे. चाळण ६० अंशांत कलली की बरोबर निम्मं पाणी जातं. तुमच्या कोसाइनच्या कोष्टकात ६० अंशांसमोर ०.५ का असतं, ते असं पावसात कळतं. आमचं 'नॉर्मल' ते हेच. पावसाचा जेवढा भाग चाळणीला काटकोनात येतो तेवढाच मोजायचा.

चाळण झाली. पण गणितात बंद पृष्ठभाग आहे. त्यासाठी मी मच्छरदाणी घेतली. कुर्ल्यात मच्छरदाणी नाही असं घर शोधून सापडायचं नाही! डब्यासारखी चौकोनी मच्छरदाणी, आणि गादीच्या खालूनही जाळी आहे असं समजा. आत एक दिवा लावला. दिव्याचा सगळा प्रकाश कुठून ना कुठून जाळीतूनच बाहेर पडणार. मच्छरदाणी एकट्याची असो नाहीतर चौघांची, मोठ्या जाळीवर प्रकाश विरळ पडेल पण जाळीही मोठी असेल, एकूण तेवढंच. आता दिवा बाहेर ठेवा. प्रकाश एका बाजूने आत येईल आणि दुसऱ्या बाजूने निघून जाईल. आलेला उणे, गेलेला अधिक, बेरीज शून्य. म्हणजे जाळीवर हिशेब ठेवून आत डोकावल्याशिवाय सांगता येतं की आत दिवा आहे की नाही, आणि असला तर केवढा. दिव्याच्या जागी प्रभार ठेवा आणि प्रकाशाच्या जागी विद्युत क्षेत्र, की झाला तो गाउसचा नियम. कार्ल फ्रीडरिश गाउस, १७७७ ते १८५५, जर्मनीचा गणिती.

इथे एक सावधगिरी. प्रकाश खरोखर बाहेर जातो, पाऊसही खरोखर पडतो. विद्युत क्षेत्रात मात्र काहीही वाहत नाही. जागच्या जागी दुसरा प्रभार ठेवला तर त्याला किती जोराने ढकललं जाईल, एवढंच क्षेत्र सांगतं. नावात वाहणं आहे म्हणून फसू नका. माझी पहिले दोन दिवस फसगत झालीच.

हे सगळं जमलं, पण भांडण तसंच राहिलं. दहा लाख की ८.८५ मायक्रोकूलंब?

बुधवारी तेल संपलं. (रविवारच्या भज्यांचा प्रताप.) वाण्याकडून पिशवी आणली, कोपरा कापला आणि बरणीत ओतताना नजर गेली पिशवीवरच्या छापील ओळीवर. १ लिटर, आणि शेजारीच ९१० ग्रॅम. मी तशीच बरणी हातात धरून उभी राहिले.

बघा हं. तेलाच्या गिरणीत एका नळातून तेल येतंय. एक माणूस हिशेब लिटरमध्ये ठेवतो, दुसरा किलोत. संध्याकाळी एकाच्या वहीत १००० आणि दुसऱ्याच्या वहीत ९१०. चोरी कोणी केली? कोणीच नाही! एकाच तेलाच्या या दोन वह्या. एका वहीतून दुसरीत जायचं तर घनतेने गुणायचं किंवा भागायचं. मात्र लिटरवाल्याने आपल्या आकड्यापुढे 'किलो' लिहिलं तर तो नक्की चुकला.

फ्लक्सच्याही अशाच दोन वह्या आहेत. बारावीचं आजचं पुस्तक विद्युत क्षेत्र मोजतं. त्याला म्हणतात ई. ई गुणिले क्षेत्रफळ, की तो फ्लक्स. त्याचं एकक व्होल्ट-मीटर, किंवा न्यूटन-मीटर वर्ग भागिले कूलंब. दोन्ही एकच. ताईचं पुस्तक मोजतं डी नावाची राशी. डी गुणिले क्षेत्रफळ, हाही फ्लक्स, पण एकक कूलंब. हवेत किंवा पोकळीत या दोन वह्यांच्या मध्ये घनतेसारखा एक ठरलेला आकडा बसतो, एप्सिलॉन शून्य. तो आहे ०.०००००००००००८८५. ८.८५ मायक्रोकूलंबला याने भागा. बरोबर दहा लाख येतात! आणि आमचं ते टी.एन.ई.आय.? त्यात एप्सिलॉन आधीच गुणलेला होता. म्हणजे ती ताईचीच वही. महाराष्ट्राच्या बारावीच्या पुस्तकाने मधल्या काळात वही बदलली. २०२० साली आलेल्या पुस्तकात फ्लक्स बरोबर प्रभार भागिले एप्सिलॉन शून्य आहे. रद्दीतलं गाईड जुन्या वहीतलं होतं, एवढंच.

त्याहून जुनी आणखी एक तिसरी वही आहे. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंदाच्या पद्धतीत हवेत ई आणि डी यांचा आकडा एकच येतो. पाण्याचं कसं असतं, एक लिटर म्हणजे एक किलो, मग दोघा हिशेबनिसांचं भांडण व्हायचं कारणच नाही. मात्र त्या पद्धतीत फ्लक्स प्रभाराच्या ४ पाय पट येतो. ही वही आता आपल्या शाळा-कॉलेजांत कोणी वापरत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

रविवारी दोघं आली. मी तेलाची रिकामी पिशवी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. ताई खूष. भाऊ मात्र पिशवी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बाई, पण मग दोन वह्या ठेवायच्याच कशाला? एक फाडून टाका ना."

मुलांनो, मला त्या क्षणी काय आनंद झाला म्हणून सांगू! 'फिजिक्स नाही होणार' म्हणणाऱ्या पोराने नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी माझे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार खर्ची पडले होते.

वर बघा, म्हटलं. वर पंखा फिरत होता. पंख्याचा कंडेन्सर सगळ्यांना माहीत असतो. पंखा हळू फिरायला लागला की घरात कोणीतरी 'कंडेन्सर गेला' म्हणतंच. आमच्या इलेक्ट्रिशियनने एकदा जुना, रिकामा केलेला कंडेन्सर फोडून दाखवला होता. (तुम्ही फोडू नका. बंद पंख्याच्या कंडेन्सरमध्येही प्रभार शिल्लक असू शकतो.) आत पातळ प्लॅस्टिकची गुंडाळी असते आणि त्या प्लॅस्टिकवर धातूचा पातळसा थर. म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या आणि मध्ये प्लॅस्टिक.

समजा, एका पट्टीवर आपण आपला तोच ८.८५ मायक्रोकूलंब अधिक प्रभार ठेवला. प्लॅस्टिकच्या रेणूंमध्ये अधिक आणि उणे दोन्ही असतात. ते जागा सोडून पळू शकत नाहीत, पण जागच्या जागी किंचित सरकतात. अधिक प्रभाराच्या पट्टीजवळ त्यांची उणे बाजू येते. पट्टीला लागून उणे प्रभाराचा एक थर तयार होतो आणि तो पट्टीचा काही प्रभार झाकून टाकतो. अशा प्लॅस्टिकमध्ये क्षेत्र साधारण २.२ पटीने उतरतं. आता पट्टीभोवती मनातल्या मनात आपली मच्छरदाणी बांधा, तिची जाळी प्लॅस्टिकमधून जाईल अशी. ईच्या वहीत दहा लाखांऐवजी साडेचार लाखांच्या आसपास आकडा येईल. तो चूक नाही. ईची वही झाडून सगळा प्रभार मोजते, आपण ठेवलेला अधिक ८.८५ आणि प्लॅस्टिकने पुढे केलेला उणे ४.८ सुद्धा. डीच्या वहीत मात्र अजूनही ८.८५ मायक्रोकूलंबच. ती फक्त आपण बाहेरून आणून ठेवलेला प्रभार मोजते. प्लॅस्टिकने काय केलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हवेत दोघींमध्ये एका आकड्याचा फरक होता. प्लॅस्टिक आलं आणि दोघी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागल्या.

ही डीची वही पहिल्यांदा उघडली ती मायकेल फॅरडेने, असं मला वाटतं. १७९१ सालचा जन्म, लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. गणित फारसं येत नसे, म्हणून सगळं रेषांच्या चित्रात बघायचा. (भाऊ इथे सरसावून बसला.) १८४३ साली त्याने बर्फ ठेवायची एक धातूची बादली घेतली, ती जमिनीपासून अलग ठेवली आणि रेशमी दोऱ्याला बांधलेला प्रभारित पितळी गोळा तिच्यात सोडला. बादलीला कुठेही न लावता! तरी बादलीच्या बाहेरच्या अंगावर नेमका गोळ्याएवढाच प्रभार उमटला. गोळा आत कुठेही हलवला तरी तेवढाच. मग त्याने मधे हवेऐवजी गंधक, लाख असले पदार्थही घालून पाहिले. परिणाम तोच. मध्ये काय भरलंय याने न बदलणारी ती राशी. पुढे मॅक्सवेलने ती समीकरणात बसवली आणि तिला 'डिस्प्लेसमेंट' म्हटलं. आज मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय मानकात इलेक्ट्रिक फ्लक्स हे नाव या कूलंबवाल्या राशीलाच दिलेलं आहे.

"बघ! म्हणजे माझंच खरं!" ताईने टाळी वाजवली.

"थांब गं," मी म्हटलं. "खिडकीतून खाली बघ."

आमच्या खिडकीतून रुळांवरची तार दिसते. कुर्ल्याला या तारेचा मान मोठा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी भारतातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून निघाली ती आपल्या कुर्ल्याला आली, हार्बरच्या मार्गाने. तेव्हा तारेत १५०० व्होल्ट होते. आता २५,००० व्होल्ट आहेत. हार्बर मार्गावरचा हा बदल २०१६ साली पूर्ण झाला. या तारेभोवतीची हवा कधी फुटेल, म्हणजे तिच्यातून ठिणगी कधी उडेल, हे कशावर ठरतं? तारेवर किती कूलंब आहेत हे हवेला समजत नाही. तिला समजतो तो त्या जागी बसणारा जोर, म्हणजे ई. तो दर मीटरला साधारण ३० लाख व्होल्टपर्यंत पोचला की कोरडी हवाही वीज अडवू शकत नाही. गाडीच्या टपावर चढलेल्याला, तारेखाली ओली काठी किंवा लोखंडी सळई उंच धरणाऱ्याला तारेला हात न लावताही झटका बसतो तो यामुळे. रेल्वेवाले तारेपासून २ मीटरच्या आत जाऊ नका म्हणतात, ते उगीच नाही. आणि टपावर चढणारी पोरं तुमच्याच वयाची असतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

ताई थोडा वेळ तारेकडे बघत राहिली. "म्हणजे आमच्या पुस्तकात शेवटी डीला एप्सिलॉनने भागून ई काढायला लावतात, ते याच्यासाठी," ती म्हणाली.

मग परीक्षेत काय करायचं? भावाने स्वतःच सांगितलं. आधी आपल्या पुस्तकातली व्याख्या बघायची, प्रश्नात एकक दिलं असेल तर तेही बघायचं. व्होल्ट-मीटर असेल तर भागायचं, कूलंब असेल तर नाही. आणि उत्तरापुढे एकक लिहायचंच. सरांनी लाल पेनाने लिहिलेल्या दहा लाखांपुढे एकक नव्हतं, हेही त्यानेच मला दाखवलं. चार वेळा.

सोमवारी तो पेपर घेऊन सरांकडे गेला. मार्क मिळाले नाहीत, कारण चाचणी आजच्या पुस्तकावर होती. पण सरांनी गाईड मागून घेतलं, दोन्ही व्याख्या फळ्यावर लिहिल्या आणि तेलाच्या पिशवीचं उदाहरण त्याला सगळ्या वर्गापुढे सांगायला लावलं. बी.कॉम.चं पुढे काय ठरलं ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या घरात मोठ्या भावंडांचं, काका-मामांचं बारावीचं जुनं फिजिक्सचं पुस्तक माळ्यावर असेल तर काढा. त्यात फ्लक्सची कोणती वही आहे, टी.एन.ई.आय. आहे का, पुस्तक कोणत्या सालचं आहे, ते मला पत्राने कळवा. आणि हो, पुस्तकाच्या समासात काकांनी काय काय लिहून ठेवलंय तेही!